पेशीपटलातील लिपिडे आणि पटलप्रथिनांची घडण : लॅक्टोज परमिएजच्या निमित्ताने

बीजसंज्ञा : पेशीपटल, फॉस्फोलिपिड, पटलप्रथिन, प्रथिनाची घडी, लॅक्टोज परमिएज, कार्डिओलिपिन

प्रस्तावना

पेशीपटलाचा पाठ शिकवताना आपण बहुतेक सर्वजण फळ्यावर एकच आकृती काढतो : समोरासमोर मांडलेल्या गोल डोक्यांच्या दोन रांगा, प्रत्येक डोक्याला लोंबणाऱ्या दोन शेपट्या आणि मधूनमधून रुतून बसलेले प्रथिनांचे ओबडधोबड गोळे. एस. जे. सिंगर आणि गार्थ निकोल्सन यांनी इ. स. १९७२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडलेल्या फ्लुइड मोझेइक प्रतिमानाची ही आकृती होय. प्रतिमान म्हणून ते आजही टिकून आहे. तथापि त्या आकृतीतून विद्यार्थ्याच्या मनात एक समज नकळत रुजतो. लिपिडे म्हणजे केवळ समुद्र आणि खरे काम करणारी प्रथिने म्हणजे त्या समुद्रावर तरंगणारी जहाजे, असा तो समज. समुद्राचे पाणी कसेही असले तरी जहाजाची बांधणी बदलत नाही, हेही त्यात ओघाने आलेच.

त्याच १९७२ साली ख्रिश्चन अ‍ॅन्फिन्सन यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. रायबोन्यूक्लिएज या विकराची घडी रासायनिक द्रव्यांनी पूर्णपणे मोडली आणि नंतर ती द्रव्ये काढून घेतली, तर विकर आपले मूळ त्रिमितीय रूप आपणहून परत मिळवते, हे त्यांनी दाखविले होते. त्यावरून 'अमिनो आम्लांचा क्रम प्रथिनाचे रूप ठरवितो' हे सूत्र पाठ्यपुस्तकांत रूढ झाले. अ‍ॅन्फिन्सन यांच्या मूळ मांडणीत मात्र या सूत्राला एक अट जोडलेली आहे. क्रम रूप ठरवितो, पण ते एका विशिष्ट परिसरात. द्रावक, आम्लता, क्षारांचे प्रमाण, तापमान या साऱ्यांचा त्या परिसरात समावेश होतो. पाण्यात विरघळणाऱ्या प्रथिनांचा परिसर बहुधा सारखाच असल्यामुळे ही अट हळूहळू गळून पडली. पटलप्रथिनांच्या बाबतीत ती गाळून चालत नाही. त्यांचा परिसर म्हणजे लिपिडांचा द्विस्तर, आणि त्याची घटना एका जीवात एक तर दुसऱ्यात दुसरी, इतकेच नव्हे तर एकाच पेशीच्या निरनिराळ्या पटलांत निरनिराळी असते.

पटलातील लिपिडे प्रथिनाला आधार तर देतातच, पण त्याने कोणते रूप घ्यावयाचे यातही त्यांचा निर्णायक वाटा असतो, हे दाखविणारे पुरावे गेल्या सुमारे तीन दशकांत साचले आहेत. त्यांतील सर्वांत ठळक पुरावा ई. कोलाय या जीवाणूच्या लॅक्टोज परमिएज या प्रथिनाचा आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याचीच हकीकत सविस्तर मांडली असून लिपिडांचा प्रथिनांच्या कार्यावर होणारा परिणाम अन्य काही उदाहरणांच्या आधारे पाहिला आहे.

लिपिडांचे गुणधर्म

द्विस्तराचा जलद्वेषी गाभा सुमारे ३० अँगस्ट्रॉम जाडीचा असतो. आल्फा सर्पिलात प्रत्येक अमिनो आम्लामागे १.५ अँगस्ट्रॉम उंची वाढते. म्हणजे हा गाभा ओलांडण्यास साधारणपणे वीस जलद्वेषी अमिनो आम्लांचा सर्पिल पुरतो. कोणत्याही जनुकाच्या क्रमावरून पटलपार जाणारे खंड ओळखण्याची पद्धत याच साध्या हिशेबावर उभी आहे. परंतु सर्पिल पटलात कोठे असेल हे सांगणे वेगळे आणि त्याचे कोणते टोक आत व कोणते बाहेर असेल हे सांगणे वेगळे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना लिपिडांचे गुणधर्म ध्यानात घ्यावे लागतात.

पहिला गुणधर्म डोक्यावरील प्रभाराचा. फॉस्फॅटिडिलकोलीन आणि फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमाइन यांच्या डोक्यावर धन व ऋण असे दोन्ही प्रभार असल्याने एकूण प्रभार शून्य होतो. फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल आणि कार्डिओलिपिन ही मात्र ऋणप्रभारित आहेत. दुसरा गुणधर्म आकाराचा. फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमाइनचे डोके लहान आणि शेपट्यांचा घेर मोठा असल्याने हा रेणू शंकूसारखा आहे; सपाट द्विस्तरात त्याला दाटीवाटीने बसावे लागते आणि त्यामुळे पटलात एक प्रकारचा ताण साठून राहतो. तिसरा गुणधर्म शेपट्यांची लांबी व संपृक्तता यांचा. तापमान बदलले की जीवाणू आपल्या मेदाम्लांचे प्रमाण बदलून पटलाची प्रवाहिता जवळजवळ कायम राखतो, हे १९७४ साली मायकेल सिनेन्स्की यांनी ई. कोलायवरील प्रयोगांनी दाखविले. लिपिडे नुसती भर घालण्यापुरती असती तर जीवाणूने एवढा खटाटोप केला नसता, असे म्हणावेसे वाटते.

लॅक्टोज परमिएज

जनुकीय नियंत्रण शिकविताना जेकब आणि मोनो यांचा लॅक ऑपेरॉन आपण तपशिलाने शिकवितो. त्यातील पहिले जनुक बीटा-गॅलॅक्टोसिडेजचे. त्याला साऱ्यांचे लक्ष मिळते. दुसरे जनुक लॅक-वाय. 'हे लॅक्टोज पेशीत आणणाऱ्या परमिएजचे जनुक' एवढ्या एका वाक्यात त्याची बोळवण होते. वास्तविक पटलप्रथिनांच्या अभ्यासात या परमिएजवर जेवढे काम झाले आहे तेवढे फारच थोड्या प्रथिनांवर झाले असेल. त्याचे बरेचसे श्रेय एच. रोनाल्ड कॅबॅक यांना जाते.

हे प्रथिन ४१७ अमिनो आम्लांचे असून त्याचे बारा सर्पिल पटलातून आरपार जातात. पहिल्या सहांचा एक गट, उरलेल्या सहांचा दुसरा, आणि प्रथिनाची दोन्ही टोके पेशीद्रव्याच्या बाजूस. लॅक्टोजचा एक रेणू आणि एक प्रोटॉन ते बरोबरच आत आणते. प्रोटॉन उतारावरून येतो आणि त्याच्या जोरावर लॅक्टोज चढावर चढविले जाते. म्हणजे पेशीत आधीच अधिक लॅक्टोज असले तरी आणखी आत घेता येते. यास सक्रिय वहन म्हणतात. बाहेर लॅक्टोज अधिक व आत कमी असेल तर प्रथिन ते नुसते वाट मोकळी करूनही आत सोडू शकते. पुढील विवेचनासाठी चढाचे व उताराचे वहन हा भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

ई. कोलायच्या पटलात फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमाइनचे प्रमाण सुमारे ७० ते ७५ टक्के, फॉस्फॅटिडिलग्लिसरॉलचे सुमारे २० टक्के आणि कार्डिओलिपिनचे सुमारे ५ टक्के असते. यांतील पहिले लिपिड अजिबात नसेल तर काय होईल? अमेरिकेत ह्यूस्टन येथील टेक्सास विद्यापीठात विल्यम डाउहन यांच्या प्रयोगशाळेने असा जीवाणू तयार केला आणि १९९१ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. या लिपिडाच्या संश्लेषणास लागणाऱ्या विकराचे जनुक त्यात निकामी केलेले आहे. पटलातील तीन चतुर्थांश लिपिड काढून टाकल्यावर जीव जगणार नाही अशी कोणाचीही अपेक्षा असेल. पण वाढमाध्यमात मॅग्नेशियम, कॅल्शियम किंवा स्ट्रॉन्शियम यांपैकी एखादा द्विसंयुजी आयन पुरेशा प्रमाणात असेल तर हा जीवाणू जगतो. हे आयन कार्डिओलिपिनच्या ऋण डोक्यांना जवळ आणून त्याला शंकूसारखे वागावयास लावतात आणि हरवलेल्या लिपिडाची उणीव काही अंशी भरून काढतात.

काही अंशीच. १९९५ साली मिखाईल बोग्दानोव्ह आणि डाउहन यांनी या जीवाणूत लॅक्टोज परमिएजचे काम तपासले. प्रथिन नेहमीइतकेच तयार होत होते, पटलातही पोहोचत होते. पटलाच्या दोन बाजूंमधील प्रोटॉनचा उतारही जसाच्या तसा होता. उतारावरचे वहन चालू होते. चढावरचे मात्र बंद पडले होते. इंजिन आहे, इंधन आहे, पण चाकांना गती मिळत नाही, असा हा प्रकार होता.

उलटी घडी

कारणाचा माग एका प्रतिपिंडामुळे लागला. सातव्या व आठव्या सर्पिलांना जोडणारे प्रथिनाचे वळण पटलाच्या बाहेरील बाजूस, म्हणजे पेरिप्लाझमकडे असते. कॅबॅक यांच्या गटाकडे असे एक एकजातीय प्रतिपिंड होते की जे या वळणास, तेही त्याची घडी बरोबर पडलेली असेल तरच, ओळखत असे. फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमाइन असलेल्या पेशींतील प्रथिन ते ओळखी. नसलेल्या पेशींतील ओळखत नसे. यापुढचा प्रयोग अधिक बोलका आहे. बरोबर घडी पडलेले प्रथिन पटलातून वेगळे केले, लिपिड काढून टाकले, तरी प्रतिपिंड त्यास ओळखत राहिले. आणि लिपिडावाचून तयार झालेले प्रथिन अंशतः उलगडून त्या लिपिडाच्या सान्निध्यात पुन्हा घडी पडू दिली, तर ओळख परत आली. म्हणजे हे लिपिड घडी पडताना लागते. पडलेली घडी टिकविण्यास लागत नाही. प्रथिनांच्या जगात असे काम करणाऱ्या रेणूंना चॅपरोन ही संज्ञा आहे. १९९६ साली या संशोधकांनी ती संज्ञा लिपिडास लावली. तोवर चॅपरोन म्हणजे प्रथिनच असावे असे गृहीत धरले जात असे.

घडीत नेमके काय बिघडले आहे हे कळावयास आणखी काही वर्षे लागली. त्यासाठी वापरलेली युक्ती विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. प्रथिनातील नैसर्गिक सिस्टीन काढून टाकावयाची आणि हव्या त्या वळणावर एकच सिस्टीन बसवावयाचे. नंतर सिस्टीनशी संयोग पावणारा, परंतु पटल ओलांडू न शकणारा अभिकर्मक पेशींबाहेर घालावयाचा. सिस्टीन बाहेरच्या बाजूस असेल तर ते लगेच संयोग पावते. आतल्या बाजूस असेल तर पेशी फोडल्यावरच. अशा रीतीने एकेक वळण आत आहे की बाहेर, याची नोंद करीत गेल्यावर जे चित्र समोर आले ते चकित करणारे होते. फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमाइन नसलेल्या पटलात पहिले सहा सर्पिल चक्क उलटे बसले होते. आतली वळणे बाहेर आणि बाहेरची आत. सातवा सर्पिल पटलातून निसटून बाहेर पेरिप्लाझममध्ये उघडा पडला होता. आठव्यापासून बाराव्यापर्यंतचे सर्पिल मात्र आपापल्या जागी होते. अर्धे प्रथिन सुलटे, अर्धे उलटे.

सातवा सर्पिलच का निसटला, यालाही कारण आहे. त्यात अ‍ॅस्पार्टिक आम्लाचे दोन प्रभारित घटक आहेत. प्रथिन सुस्थितीत असताना ते शेजारच्या सर्पिलांतील लायसीनशी जोडी जमवून बसलेले असतात. पण त्यांच्यामुळे हा सर्पिल मुळात कमी जलद्वेषी आहे आणि दोन अर्ध्या भागांमध्ये बिजागरीसारखे काम करू शकतो. त्याची जलद्वेषिता कृत्रिमरीत्या वाढविली तर उलटापालट होत नाही.

बोग्दानोव्ह, हीकॉक आणि डाउहन यांनी हे सर्व २००२ साली प्रसिद्ध केले, आणि त्याबरोबरच आणखी एक निरीक्षण नोंदविले. लिपिडाचे संश्लेषण हवे तेव्हा सुरू करता येईल असा जीवाणू घेऊन त्यांनी आधी प्रथिन उलटे बसू दिले, नंतर नव्या प्रथिनाची निर्मिती थांबवून लिपिड तयार होऊ दिले. आधीच पटलात रुतलेल्या प्रथिनाचा निदान काही भाग तरी त्यानंतर मूळ जागी परतला आणि चढावरचे वहन पुन्हा सुरू झाले. प्रथिनाची पटलातील मांडणी रायबोसोमवर तयार होतानाच एकदाची ठरते आणि पुढे कधी बदलत नाही, हा त्या काळी जवळजवळ सिद्धान्त मानला जात असे. त्यास या प्रयोगाने छेद दिला.

येथे एक आक्षेप स्वाभाविक आहे. जिवंत पेशीत शेकडो प्रथिने असतात. पटलात प्रथिन घुसविणारी यंत्रणा असते. लिपिड बदलल्यामुळे त्या यंत्रणेतच बिघाड झाला आणि परमिएजवर त्याचा केवळ अप्रत्यक्ष परिणाम झाला, असे कशावरून नसेल? २०१३ साली हाइडी व्हिट्राक, बोग्दानोव्ह आणि डाउहन यांनी या आक्षेपाचे उत्तर दिले. शुद्ध प्रथिन आणि शुद्ध लिपिडे यांखेरीज काहीही नसलेले लिपोसोम त्यांनी बनविले. त्यातही प्रथिनाची मांडणी लिपिडांच्या प्रमाणानुसार ठरली, आणि तयार लिपोसोममध्ये मागाहून लिपिड घातले असता ती बदललीही. कोणतीही पेशीय यंत्रणा हजर नव्हती. माझ्या मते या संपूर्ण मालिकेतील हा सर्वांत निर्णायक प्रयोग होय, कारण अ‍ॅन्फिन्सन यांच्या परीक्षानळीतील प्रयोगाशी तो थेट तुलना करण्याजोगा आहे. अमिनो आम्लांचा क्रम तोच, परिसर वेगळा आणि रूपही वेगळे.

प्रभारांचा हिशेब

पटलप्रथिनांच्या मांडणीविषयी गुन्नार फॉन हाइने यांनी १९८६ साली एक नियम शोधून काढला होता. लायसीन व आर्जिनीन ही धनप्रभारित अमिनो आम्ले ज्या वळणांवर अधिक, ती वळणे पेशीच्या आतल्या बाजूस राहतात. नियम इतका पक्का आहे की आजही संगणकीय भाकिते त्यावर विसंबून असतात. मात्र ऋणप्रभारित अमिनो आम्लांविषयी तो फारसे बोलत नाही. परमिएजच्या आतल्या बाजूच्या वळणांवर धन व ऋण दोन्ही प्रकारचे घटक मिसळलेले आहेत.

पटलाच्या पृष्ठभागावर ऋणप्रभारित लिपिडांची दाटी झाली तर वळणावरील ऋण घटकांना तेथून दूर लोटले जाते आणि वळण पटल ओलांडून पलीकडे जाण्याची शक्यता वाढते. फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमाइन मधे मिसळलेले असले की पृष्ठभागावरील ऋणप्रभार विरळ होतो, ऋण घटकांची ओढ दबते आणि धन घटकांचा नियम चालतो. हा तर्क २००८ मधील प्रयोगांत तपासला गेला. वळणांवरील ऋण घटक काढले किंवा धन घटक वाढविले, तर लिपिड नसतानाही प्रथिन सुलटे बसले. हरवलेल्या लिपिडाच्या जागी एकूण प्रभार शून्य असलेले दुसरे लिपिड जीवाणूत तयार करविले, तरीही मांडणी सुधारली. अकोलेप्लाझ्मा लेडलॉइ या जीवाणूतील ग्लुकोजयुक्त लिपिड आणि ई. कोलायमध्ये निसर्गतः नसलेले फॉस्फॅटिडिलकोलीन, या दोहोंनी चढावरचे वहनही परत आणले.

याचा अर्थ असा की प्रथिनाचा क्रम आणि पटलाचे लिपिड हे दोन्ही मिळून एकच मजकूर होतो. क्रमातील प्रत्येक प्रभारित घटकाचे मोल पटलात कोणती लिपिडे आहेत यावर ठरते. परमिएज हे एकटे प्रथिनही नव्हे. फेनिलअ‍ॅलॅनिन, गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल आणि सुक्रोज यांची वाहक प्रथिनेही या लिपिडाअभावी आपली मांडणी बदलतात.

घडीनंतरचे कार्य

घडी बरोबर पडली तरी लिपिडांचा संबंध संपत नाही. येथे दोन प्रकारचे परिणाम वेगळे ओळखावे लागतात. एक सर्वसाधारण, म्हणजे पटलाची जाडी, ताण, प्रवाहिता यांद्वारे होणारा. दुसरा विशिष्ट, म्हणजे ठराविक लिपिडाचा रेणू प्रथिनावरील ठराविक खोबणीत बसल्याने होणारा.

सर्वसाधारण परिणामाचे जुने व स्वच्छ उदाहरण स्नायूंतील कॅल्शियम पंपाचे आहे. हे प्रथिन निरनिराळ्या लांबीच्या शेपट्या असलेल्या लिपिडांत बसवून पाहिले असता अठरा कार्बनांच्या शेपट्यांत ते सर्वाधिक कार्यक्षम आढळले. चौदा कार्बनांच्या पातळ आणि चोवीस कार्बनांच्या जाड पटलात त्याची कार्यक्षमता घटते. प्रथिनाच्या जलद्वेषी पट्ट्याची रुंदी आणि पटलाची जाडी जुळली नाही तर दोहोंपैकी एकाला वाकावे लागते. जीवाणूंतील ताणसंवेदी वाहिन्यांची गोष्ट याहून सरळ आहे. पटलाच्या एकाच थरात शंकूच्या उलट आकाराचे, एकच शेपटी असलेले लिपिड मिसळले तरी ही वाहिनी उघडते. बाहेरून ताण देण्याचीही गरज पडत नाही.

घडी पडण्यातील या ताणाचा हिशेब मात्र सरळ नाही. हरगोविंद खुराना यांच्या प्रयोगशाळेने १९८१ साली बॅक्टीरिओऱ्होडॉप्सिन या प्रथिनाची घडी मोडून ती पुन्हा पाडून दाखविली. पटलप्रथिनाच्या बाबतीत अ‍ॅन्फिन्सनसदृश असा तो पहिला मोठा प्रयोग. पुढे पॉला बूथ यांच्या गटाने त्याच प्रथिनावर काम करताना पाहिले की पटलात फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमाइन वाढविल्यास घडी पडण्याचा वेग मंदावतो. जे लिपिड परमिएजला घडी पाडण्यास साहाय्य करते तेच येथे अडसर होते. 'घडीस अनुकूल लिपिड' असा कोणताही एक पदार्थ नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

विशिष्ट परिणामांची उदाहरणे स्फटिकरचनांतून मिळू लागली. रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने पोटॅशियम वाहिनीच्या स्फटिकात फॉस्फॅटिडिलग्लिसरॉलचा रेणू दोन उपघटकांच्या मधल्या फटीत बसलेला पाहिला आणि ऋणप्रभारित लिपिडावाचून ही वाहिनी आयन वाहून नेत नाही, असे २००२ मध्ये नोंदविले. आपल्या देशातील काम या संदर्भात आवर्जून उल्लेखिले पाहिजे. हैदराबाद येथील पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात, म्हणजे सीसीएमबीत, अमिताभ चट्टोपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाई-बैलांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचे पटल घेऊन सेरोटोनिनच्या १-ए प्रकारच्या ग्राहीचा अभ्यास केला. पटलातील कोलेस्टेरॉल काढून घेतले की ग्राहीची बंधनक्षमता घटते; परत घातले की ती पूर्ववत होते. पण कोलेस्टेरॉलऐवजी त्याचा संश्लेषणातील अगदी लगतचा पूर्वगामी, केवळ एका द्विबंधाने वेगळा असलेला ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल हा रेणू घातला, तर पटलाची एकंदर सुव्यवस्था परत येते आणि ग्राहीची बंधनक्षमता मात्र येत नाही. सर्वसाधारण व विशिष्ट परिणाम वेगळे करून दाखविणारा इतका नेटका प्रयोग विरळाच. यामागे मानवी आजाराचाही संदर्भ आहे. स्मिथ-लेमली-ओपिट्झ या जन्मजात विकारात शरीरात कोलेस्टेरॉल कमी पडते आणि हाच पूर्वगामी रेणू साचतो. २०२१ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेरोटोनिन ग्राहींच्या रचनांत कोलेस्टेरॉलचे रेणू प्रत्यक्ष दिसले.

आजारांचा विषय निघालाच आहे तर कार्डिओलिपिनविषयी थोडे लिहिले पाहिजे. हे नाव आपल्या रोगनिदान प्रयोगशाळांना परिचित आहे, कारण उपदंशाच्या व्हीडीआरएल चाचणीत हेच लिपिड प्रतिजन म्हणून वापरले जाते. मेरी पँगबॉर्न यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी ते गोवंशाच्या हृदयातून वेगळे केले. नावातील 'कार्डिओ' त्यामुळेच. हृदयात ते विपुल असण्याचे कारण तेथील तंतुकणिका. तंतुकणिकांच्या आतील पटलात श्वसनसाखळीची प्रथिने एकमेकांना धरून मोठे संच करतात आणि त्या संचांच्या बांधणीत कार्डिओलिपिन गुंतलेले असते. पीटर बार्थ यांनी १९८३ साली एका डच कुटुंबातील मुलांमध्ये हृदयाच्या व इतर स्नायूंची दुर्बलता आणि पांढऱ्या पेशींची कमतरता असलेला विकार वर्णिला. १९९६ मध्ये त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर सापडले. हे जनुक कार्डिओलिपिनच्या शेपट्या बदलून त्यास अंतिम रूप देणाऱ्या टाफाझिन या विकराचे आहे. म्हणजे या मुलांच्या श्वसनसाखळीच्या प्रथिनांची जनुके निर्दोष असतात. दोष असतो तो त्यांना धरून ठेवणाऱ्या लिपिडाच्या शेपट्यांत. तरीही श्वसनसाखळीचे संच खिळखिळे होतात. आनुवंशिक रोग म्हणजे एखाद्या प्रथिनाच्या क्रमातील दोषामुळे त्याच प्रथिनाचे काम बिघडणे, ही व्याख्या या रोगास पुरी पडत नाही.

पद्धतींच्या मर्यादा

लिपिडांच्या या भूमिकेकडे इतका काळ दुर्लक्ष का झाले? एक कारण निव्वळ प्रयोगपद्धतीचे आहे. पटलप्रथिन शुद्ध करावयाचे म्हणजे प्रक्षालकाने पटल विरघळवावे लागते, आणि प्रक्षालक जसे पटल मोडते तसेच प्रथिनाला चिकटलेली लिपिडेही धुऊन काढते. पूर्वी स्वच्छ धुतलेले प्रथिन हे उत्तम शुद्धीकरणाचे लक्षण मानले जाई. परमिएजची स्फटिकरचना २००३ साली प्रसिद्ध झाली, तीही प्रक्षालकात विरघळविलेल्या आणि एक अमिनो आम्ल बदललेल्या रूपाची. पुढे २००६ मध्ये कॅबॅक यांच्याच गटाने दाखविले की शुद्ध प्रथिनाबरोबर किती फॉस्फोलिपिड शिल्लक आहे, यावर स्फटिकाचा प्रकार व दर्जा अवलंबून असतो. अलीकडे प्रथिनाभोवती लिपिडांची छोटी चकती राखणारे नॅनोडिस्क आणि लिपिडासह प्रथिनाचे वस्तुमान मोजणारी कॅरोल रॉबिन्सन यांच्या गटाची पद्धत यांमुळे ही अडचण बरीच कमी झाली आहे.

प्रथिनरचनांच्या संगणकीय भाकितासाठी २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाले; त्यांतील बेकर यांचा वाटा नवी प्रथिने रचण्याबद्दलचा होता. अल्फाफोल्ड ही प्रणाली क्रमावरून रचना देते व ती बहुधा बरोबर असते. तथापि ज्या द्विस्तरात प्रथिन बसावयाचे त्याची लिपिडघटना या भाकितात धरलेली नसते. लॅक्टोज परमिएजचा क्रम दिल्यास ती सुलटी रचना देईल, आणि नैसर्गिक ई. कोलायपुरती ती योग्यही ठरेल. फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमाइन नसलेल्या पेशीतील उलटी रचना तिच्यातून कळणार नाही. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी आता ही साधने सहज वापरतात, म्हणून हा भेद त्यांना आरंभीच सांगितलेला बरा.

दुसऱ्या बाजूची नोंद करणेही न्याय्य होईल. परमिएजची पूर्ण उलटापालट झाली ती तीन चतुर्थांश लिपिड काढून टाकलेल्या जीवाणूत. निसर्गात असा जीवाणू आढळत नाही. त्यामुळे हा प्रयोगशाळेतला अपवाद आहे, सर्वसामान्य नियम नव्हे, असे म्हणता येईल. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते मर्यादित. याच संशोधकांनी २०१२ मध्ये लिपिडाचे प्रमाण पायरीपायरीने बदलून पाहिले, तेव्हा मधल्या प्रमाणांत एकाच पटलात सुलटी व उलटी अशी दोन्ही रूपे एकत्र नांदताना आढळली आणि त्यांचे परस्परप्रमाण लिपिडानुसार सरकत गेले. म्हणजे हा चालू-बंद असा खटका नसून तराजूचा काटा आहे, आणि काटा हलावयास वजन पूर्णच काढावे लागते असे नाही.

उच्च सजीवांच्या पेशीत हा काटा कितपत हलतो, हा प्रश्न अद्याप खुला आहे. तेथे पटलाचे दोन थरही सारखे नसतात. मानवी तांबड्या पेशीच्या बाहेरील थरात फॉस्फॅटिडिलकोलीन व स्फिंगोमायलिन अधिक, तर आतील थरात फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमाइन व ऋणप्रभारित फॉस्फॅटिडिलसेरीन अधिक. शिवाय प्रथिन ज्या अंतर्द्रव्य जालिकेच्या पटलात घडते तेथील लिपिडे वेगळी, आणि जेथे काम करावयास जाते त्या बाह्य पटलातील वेगळी. कोलेस्टेरॉल तर पहिल्यात अल्प आणि दुसऱ्यात विपुल असते. एकाच प्रथिनाला आयुष्यात निदान दोन परिसरांतून जावे लागते. दोन थरांतील हा फरक राखून लिपोसोम बनविणे आता शक्य होऊ लागले असून परमिएजवर झालेले प्रयोग मानवी ग्राहींवर करून पाहण्याची वाट त्यातून मोकळी होत आहे.